गोदामातील ओलीचे समूळ उच्चाटन

औषधांच्या मध्यवर्ती गोदामात ओल किती आहे हे ठरवण्याची एक अधिकृत पद्धत होती. कोपऱ्यात कपाटाएवढं डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, अखंड घरघरत असे. ओढलेलं पाणी खालच्या टाकीत जमे. भांडारपालाने रोज सकाळी ते मापायचं आणि आकडा दारावरच्या फळ्यावर लिहायचा. पाणी जास्त म्हणजे ओल जास्त, पाणी कमी म्हणजे ओल कमी. शास्त्र इतकं सोपं की ते साहेबांनाही समजलं होतं.

या यंत्राच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. तो हवेतली धूळ अडवतो, आणि धुळीने भरला की हवाही अडवतो. म्हणून तो वेळच्या वेळी बदलायचा असतो. गोदामात दिवसभर खोकी फुटत, पुठ्ठ्याचा भुसा उडे. फिल्टरवर कांबळ्यासारखा थर बसला. हवा आत जाईना, यंत्रातल्या गार नळ्यांवर बर्फ धरला, टाकीतलं पाणी घटत गेलं आणि एके सकाळी टाकी ठणठणीत कोरडी निघाली. भांडारपालाने नियमाप्रमाणे फळ्यावर शून्य लिहिलं आणि नवा फिल्टर मागायला तो साहेबांकडे गेला.

साहेब चक्क खुर्चीतून उठले.

"अभिनंदन! फळा पाहिला मी. शून्य! माझ्या आधीच्यांना जे जन्मात जमलं नाही, ते आपण करून दाखवलं."

"साहेब, ते शून्य फिल्टर तुंबल्यामुळे आहे. भिंतींना पाझर फुटलाय. पिंपांतल्या सुट्या गोळ्यांची ढेकळं झालीत."

"बरं, फिल्टर बदलला तर काय होईल?"

"पाणी येईल, साहेब."

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे आज ओल नाही, आणि तुम्ही ती आणायला निघालात. माझ्या बढतीचा कागद वर पोचलेला असताना! मी तुमचं काय वाईट केलंय हो?"

या युक्तिवादात खोट कुठे आहे हे भांडारपालाला स्पष्ट दिसत होतं. पण ती साहेबांच्या बाजूला होती, आणि त्या बाजूची खोट काढण्याचे अधिकार त्याच्या पदाला नव्हते. संध्याकाळपर्यंत आदेश निघाला: फिल्टर बदलणे ही यापुढे ओल उत्पन्न करण्याची कृती समजण्यात येईल.

घरी आई वाटच पाहत होती. तिला रक्तदाबाची गोळी लागे. ती दवाखान्यातून मिळे आणि दवाखान्यात याच गोदामातून जाई. दुकानातून विकत आणावी, तर दुकानांचा मालही इथलाच.

"हे बघ," तिने पुडी उलगडली. "आणल्या तेव्हा गोळ्या होत्या, आता भुकटी झालीय. मी ही गिळू, की हिने दात घासू?"

"डॉक्टरांना दाखवलीस?"

"दाखवली की. म्हणाले, एकीने गुण येत नसेल तर दोन घ्या. म्हणजे दोन चिमट्या का, ते काही बोलले नाहीत. आज जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा धरून बसले तशीच. शेजारीण म्हणाली, लेक औषधांच्या गोदामात आणि तुमची ही तऱ्हा! काय सांगू तिला? लेकाने ओल संपवली म्हणून?"

भांडारपालाला रात्रभर डोळा लागला नाही. इकडे सगळेच डॉक्टर एका गोळीच्या जागी दोन लिहून देत होते, त्यामुळे गोदामाची मागणी दुप्पट झाली. औषधांवरचा जनतेचा विश्वास वाढला, अशी नोंद साहेबांनी अहवालात केली.

शेवटी त्याने यंत्राची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीला गाठलं. मिस्त्री एका पालथ्या पिंपावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, फिल्टर मी गुपचूप बदलतो. पाणी तुम्ही साहेब यायच्या आत गटारात ओता. फळ्यावर शून्य तसंच राहू द्या."

"अरे, ही लबाडी झाली!"

"लबाडी कसली? आत्ता गोदाम ओलं आणि फळा कोरडा. मग दोन्ही कोरडी होतील. खोटं वाढतंय कुठे? उलट निम्म्यावर येतंय."

भांडारपालाला जिन्यातला कठडा आठवला आणि त्याने मान डोलावली. नवा फिल्टर बसला. यंत्राने मोकळा श्वास घेतला आणि बादल्याच्या बादल्या पाणी ओढलं. भिंती सुकल्या. आई गोळी बोटांनी दाबून बघत म्हणाली, "आता इतकी कडक का रे? घशात अडकते मेली!" भांडारपालाला फार दिवसांनी हसू आलं.

पण सुख फार दिवस फळ्याआड लपत नाही. एका सकाळी साहेब पाहणीला आले. त्यांनी कोरड्या भिंतीवर हात फिरवला आणि यंत्राकडे बोट दाखवलं.

"इतके दिवस शून्य. मग हे करतंय काय इथे?"

भांडारपालाने फळ्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर फळा खोटा, आणि फळ्यावरचं अक्षर त्याचं स्वतःचं.

"म्हणजे काहीच नाही," साहेबांनी निर्णय दिला. "रोगी बरा झाला की त्याच्या उशाशी वैद्य बसवून ठेवायचा नसतो."

यंत्र साहेबांच्या दालनात हलवण्यात आलं. तिथल्या चामडी खुर्चीला बुरशी येत असे. दालनात मात्र फिल्टर अगदी वेळेवर बदलला जातो, कारण तिथे फळा नाही.

गोदामाच्या भिंती पुन्हा घामेजल्या. आईला पुन्हा चक्कर आली, आणि या वेळी कठडा हाताशी नव्हता. कपाळाला पट्टी बांधून ती म्हणाली, "मला काही झालेलं नाही. तू मात्र आता तोंड उघड."

भांडारपाल तडक दालनात गेला आणि त्याने सगळं कबूल केलं. साहेबांनी उठून दार लावलं.

"तुम्ही जे बोललात ते मी ऐकलेलं नाही. ऐकलं तर तुम्हाला घरी बसवावं लागेल, आणि मलाही. पण मी निर्दयी नाही. एका, फक्त एका रुग्णाची लेखी तक्रार आणा. यंत्र परत देतो."

"माझ्या आईची चालेल?"

"कर्मचाऱ्याचे नातेवाईक वगळून."

भांडारपाल कागद घेऊन दवाखान्याच्या रांगेत गेला. तक्रारींना तोटा नव्हता. एकाने पुडी झटकून दाखवली. एका बाईंनी सांगितलं, की गोळ्या आता त्या चमच्याने घेतात. सगळ्यांनी व्यवस्थेला मनसोक्त शिव्या दिल्या. सहीसाठी कागद पुढे केला, की रांग लगेच एक पाऊल पुढे सरके.

"माझं नाव नको बाबा, उद्या पुन्हा इथेच यायचंय."

"पुढच्यांची घ्या ना, ते मोठ्याने बोलतात."

"चिमटीचं काय एवढं, सवय झालीय आता."

रांगेच्या शेवटी एक सुशिक्षित गृहस्थ उभे होते. त्यांनी हकिगत लक्ष देऊन ऐकली, योग्य जागी हसलेही. फिल्टर बदलण्याने ओल उत्पन्न होते, हे तर त्यांना फारच आवडलं.

"छान! यावर कुणीतरी खणखणीत लिहायला हवं हो," ते म्हणाले.

"आधी इथे सही करता?" भांडारपालाने विचारलं.

"सहीचं बघू. आधी छापून तर येऊ द्या."

आता छापून आलं आहे. गृहस्थ वाचत वाचत या शेवटच्या ओळीपर्यंत पोचले आहेत, चेहऱ्यावर हसूही आहे. आणि भांडारपाल अजून त्यांच्यासमोर कागद धरून उभा आहे.