यशवंतआप्पा आणि ढील

आमचे घरमालक यशवंतआप्पा पाटील भाडेकरूकडून भाड्याखेरीज आणखी एक गोष्ट वसूल करायचे. त्याची कंबर. रविवारी सकाळी मी पेपर उघडून बसलो की गच्चीवरून हाक यायची, "भाऊ, वर ये. ढील देखाले ये." मी वर जायचो, चपला काढायचो आणि गच्चीवर टांगलेल्या हिरव्या कापडात मुकाट्याने आडवा व्हायचो. आप्पा शेजारी स्टूल ओढून बसायचे आणि मोठ्या डॉक्टरच्या थाटात विचारायचे, "आते कंबरले कसं वाटस?"

मी बरं म्हणालो तर त्यांचा विश्वास बसत नसे. वाईट म्हणालो तर त्यात माझ्या कंबरेचा दोष निघत असे.

त्या हिरव्या कापडाला हॅमॉक म्हणायचं. जंगलात तंबू ठोकून राहणारे हौशी लोक दोन झाडांच्या मध्ये बांधतात ते. आप्पांनी तो मोबाईलवरून मागवला होता. आमच्या सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीत झाड नाही, जंगल तर नाहीच. पण एवढ्या किरकोळ अडचणीने आप्पा थांबणार होते थोडेच! त्यांनी एक टोक पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधलं, दुसरं जिन्याच्या खोलीवरच्या लोखंडी कडीला. मधल्या जागेत माझी बायको कपडे वाळत घालायची. तिला आप्पांनी, कपडे खालीसुद्धा वाळतात, अशी मोलाची माहिती दिली.

गल्लीने त्या वस्तूला पहिल्याच दिवशी झोळी म्हणून टाकलं. कोणी तसं म्हणालं की आप्पा थांबून, पाठ ताठ करून दुरुस्ती करायचे, "झोळी नही. हॅमॉक शे." समोरचे जिग्नेशभाई पक्के सुरती, म्हणजे घरात पलंग नसला तरी चालेल पण झोपाळा हवाच, अशा जातीचे. त्यांनी आपुलकीने सुचवलं, "हिंचको लई लो ने, आप्पा." त्यानंतर बरेच दिवस जिग्नेशभाईंना आप्पांकडून नमस्कार मिळाला नाही.

आता आप्पांची खरी पंचाईत सांगतो. त्यांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. खानदेशातून कारागीर म्हणून सुरतेत आले आणि कारखान्यात मास्टर होऊन निवृत्त झाले. मागावरचे उभे धागे सैल पडले की कापड बिघडतं, आणि कापड बिघडलं की आप्पा बिघडायचे. घरातही तोच कायदा. कपड्यांची दोरी, उशीचा अभ्रा, जावयाची मान, सगळं ताठ हवं. अशा माणसाने हॅमॉक पहिल्यांदा कसा बांधला असेल ते वेगळं सांगायला नको. ढोलाच्या कातड्यासारखा. मी त्यावर पाठ टेकली मात्र, तव्यावरून भाकरी घसरावी तसा पलीकडच्या बाजूने गच्चीवर उतरलो. आप्पांनी मला उठवलं नाही. आधी दोन्ही गाठी तपासल्या आणि मग म्हणाले की तू मधोमध पडला नाहीस.

मग ते मोबाईलवर कुणा गोऱ्या माणसाचे व्हिडिओ बघू लागले. आवाज बंद करून, कारण इंग्रजी ऐकलं की त्यांचा गोंधळ व्हायचा. त्यातून त्यांना समजलं की हॅमॉक ताणायचा नसतो, त्याला झोल, म्हणजे आप्पांच्या भाषेत ढील, ठेवायचा असतो. पायाकडची बाजू जरा उंच हवी, म्हणजे माणूस खाली सरकत नाही. आणि सरळ न झोपता तिरपं पडायचं, म्हणजे पाठ सपाट राहते. हे सगळं त्यांनी मला स्वतःचा शोध म्हणून सांगितलं. मीही कपडा मार्केटमध्ये हिशेब लिहिणारा माणूस, समोरच्याचं म्हणणं खरं धरण्याची सवय आहे.

दुसऱ्या प्रयोगात ढील इतकी झाली की मी केळ्यासारखा वाकलो आणि बूड फरशीला टेकलं. गुडघे नाकापाशी आले. आप्पा लांबून बघत शांतपणे म्हणाले, "जरा ज्यास्ती झाली."

मग पट्टा बोटभर वर, बोटभर खाली. दूधवाला झोपून गेला, केबलवाला झोपून गेला. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला टाकी जिन्यात ठेवून वर यावं लागलं. तो मात्र खरोखर झोपला, आणि त्याचं घोरणं ऐकून आप्पांना वाटलं की जमलं. तो थकलेला होता, हे मी त्यांना समजावून सांगेपर्यंत त्यांनी गाठ पक्की करून टाकली होती.

हे सगळं चाललं होतं तेव्हा माई, म्हणजे आप्पांच्या मंडळी, नंदुरबारला लेकीकडे होत्या. तिथल्या डॉक्टरकडे त्यांचे पाठीचे उपचार सुरू होते. बायको तिकडे दुखण्यात आणि नवरा इकडे झोळ्या टांगतोय, यावर गल्लीत पाणी भरताना रोज चर्चा व्हायची. माझ्या बायकोचं मत सर्वांत स्पष्ट होतं. पुरुषांना म्हातारपणी एकतर देव आठवतो नाहीतर पाळणा, असं ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

एका रविवारी मी हॅमॉकमध्ये पडल्या पडल्या आप्पांना विचारलं की तुम्ही स्वतः यात कधीच का झोपत नाही.

"मन्ही उंची ज्यास्ती शे," ते म्हणाले. "तू बराबर शे."

आपल्या बुटकेपणाचं कुणीतरी कौतुक करतंय म्हणून मी सुखावलो. तेवढ्यात पट्टा आवळत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तू नि माई, एकच माप शे."

मग त्यांनी थोडंसं सांगितलं. आप्पा मागावर होते तेव्हा माई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायच्या. गठ्ठा यायचा, गठ्ठा जायचा. सगळी वर्षं खाली वाकून. आता पाठ टेकली की कळ निघायची. पलंग झाला, गादी झाली, फळी झाली. गेलं वर्षभर माई भिंतीला टेकून, मागे उशा लावून बसल्या बसल्याच डोळा लावत होत्या. "मी आडवा पडस, ती बशीसन देखस," एवढं बोलून आप्पांनी गाठ पुन्हा तपासली. मग मला म्हणाले, जरा तिरपा हो.

माई परत आल्या. आप्पांनी त्यांना धरून गच्चीवर नेलं आणि गल्लीतल्या निम्म्या कंबरा खर्ची घालून जमवलेला हॅमॉक दाखवला. माईंनी कापड बोटांनी चाचपलं. मग म्हणाल्या की गावाकडे आजारी माणसाला दवाखान्यात नेताना असंच झोळीत घालतात, मी काही यात पडायची नाही. आणि खाली निघून गेल्या.

मला वाटलं, आता आप्पा गाठींचं शास्त्र काढतील. त्यांनी झोळी या शब्दाचीसुद्धा दुरुस्ती केली नाही. रोज सकाळी ते हॅमॉक बांधायचे, संध्याकाळी सोडून घडी करून ठेवायचे. माईंना परत विचारलं नाही. मलाही हाक मारली नाही. मी आयुष्यात पहिल्यांदाच रविवारचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला, आणि त्यात काही नसतं हे मला कळलं.

मग थंडीतली एक दुपार. माई गच्चीवर उन्हाला बसल्या होत्या, माझी बायको मिरच्या वाळवत होती, मी तिला मदत करतोय असं दिसेल इतपत हलत होतो. आप्पा उठले आणि स्वतःच हॅमॉकमध्ये शिरले. माईंना दाखवायला, की यात भिण्यासारखं काही नाही. त्यांचे पाय कापडाच्या बाहेर आले, डोकं पलीकडून बाहेर आलं. चेहरा मात्र त्यांनी अतिशय आरामात असल्यासारखा केला होता. आणि तेवढ्यात पायाकडची गाठ सुटली.

फार उंचावरून पडले नाहीत. पण पडले ते थेट मिरच्यांत. बसल्या जागी त्यांनी आधी गाठीकडे बघितलं, मग माईंकडे. माई हसत होत्या. पाठ दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसत होत्या. मी या घरात राहायला आल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या की आता नीट बांधा, बघते तरी काय आहे ते.

आप्पांनी बांधला. गाठीवर आणखी एक गाठ मारली. माझ्या बायकोने एका बाजूने धरलं, आप्पांनी दुसऱ्या बाजूने, आणि माई आधी बसल्या, मग हळूहळू तिरप्या कलल्या. आप्पा लगेच पायाकडच्या पट्ट्याला हात घालणार, तोच माई म्हणाल्या, "राहू द्या आते."

आप्पांनी हात काढून घेतला. एखादी गोष्ट जशी आहे तशी राहू देताना मी त्यांना प्रथमच पाहिलं. माई थोडा वेळ आभाळाकडे बघत होत्या. मग त्यांचे डोळे मिटले, तोंड किंचित उघडं पडलं, आणि खाली गल्लीतल्या एका कारखान्यातले माग धडधडत असताना त्या आडव्या झोपून गेल्या.

ऊन कलायला लागलं. आम्ही मिरच्या गोळा केल्या. मी आप्पांना खुणेने विचारलं, चहाला खाली येता का? त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तिले एकलीले उतरता येत नही," ते कुजबुजले. "मी आठेच शे."

शेवटी माझ्या बायकोने चहा वरच आणून दिला, न मागता, आल्याचा. आप्पांनी तो डाव्या हाताने प्यायला. वारा सुटला होता, आणि उजव्या हाताने त्यांनी कापडाचा काठ धरून ठेवला होता, माई हलू नयेत म्हणून.