दाजी परबांचं गाऱ्हाणं

आमच्या भांडुपच्या चाळीत 'चोर' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. एकदा बोक्यानं आमच्या दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं. आई "मेला चोर!" म्हणत लाटणं घेऊन धावली, तर शेजारचे दाजी परब दारात आडवे.

"वहिनी, तुमच्या डोळ्यांनी बघलात?"

"अहो, त्याच्या मिशा बघा!"

"मिशांक दूध लागला म्हंजे पुरावो झालो? संशयित म्हणा."

संशयित तोवर पत्र्यावर बसून पुरावा चाटून टाकत होता.

दाजी गिरणी कामगार. संपात गिरणी सुटली आणि त्यांनी कोर्टाच्या बातम्या धरल्या. सकाळी आम्ही गॅलरीत दात घासत असताना ते पेपर मोठ्यानं वाचायचे. कच्च्या कैद्याला उठसूट बेड्या घालायच्या नाहीत, खटला न चालवता माणसाला कोंडून ठेवायचं नाही, असं वरच्या कोर्टानं म्हटलंय. आमच्या तोंडात पेस्ट, त्यामुळे आम्ही नुसत्या माना हलवायचो. निकाल पटला की दाजी "झकास!" म्हणत. नाही पटला, तर न्यायमूर्तींना भांडुपमधूनच झाडत. "पोलिसान लिवल्यान म्हणान खरा? सिद्ध झाला काय?" हे त्यांचं पालुपद. मला त्यांचा भयंकर वैताग यायचा.

वेड कुठून आलं, ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मुलाला, वसंतला, बंद गिरणीतलं सामान चोरल्याच्या आरोपावरून पकडलं होतं. जामीन मिळेना, तारखा पडत राहिल्या. अखेर एके वर्षी गणपतीच्या तोंडावर तो निर्दोष सुटला. पण चाळीच्या लेखी तो चोरच, म्हणून वाकोल्याला मित्राकडे राहिला. दाजींनी त्याला चाळीच्या गणपतीच्या आरतीला बोलावलं, आणि सेक्रेटरी शिरोडकर त्यांच्या दारात आले.

"दाजी, आमचं काही नाही हो. पण जेलमधून आलेला माणूस आरतीला नको. लोक बोलतात ना."

"कोर्टान सोडल्यान त्याका. तू काय कोर्टाच्या वर लागून गेलंस?"

"तसं नाही, पण लोक..."

"मगे गाऱ्हाणा पण लोकांकच घालूक सांग!"

ही धमकी साधी नव्हती. आरतीनंतर देवापुढे नारळ ठेवून एकानं सगळ्यांच्या वतीनं मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, हे आमच्या कोकणातलं गाऱ्हाणं. ते दाजींशिवाय कोणालाच धड येत नव्हतं. एकदा शिरोडकरांनी घातलं होतं, तर सभेचा अहवाल वाचल्यासारखं झालं.

संध्याकाळी दाजी आले, एकटेच. शिरोडकर खुशीत हसले. आरती झाली. दाजींनी नारळावर हात ठेवला.

"बा देवा म्हाराजा! चाळीतल्या पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नळाक पाणी येव दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जोरात.

"कोर्टान सोडलेल्या माणसाक ह्या चाळीन चोर म्हटल्यान, ता चुकला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सवयीनं म्हणून मोकळे झालो आणि मग एकमेकांची तोंडं बघत बसलो. शिरोडकरांचा आवाज तर सगळ्यांत मोठा होता.

"देवासमोर कबूल केलात," दाजी गरजले. "आता अपील नाय! वसंता, भायर कित्याक उभो? ये आत."

वसंत जिन्यावर चपला हातात धरून उभा होता. तो आत आला. त्याला कोणी अडवलं नाही. मला मनातून फार बरं वाटलं.

पण दाजींचा हात अजून नारळावरच होता. आवाज मात्र एकदम उतरला.

"आणि पोलीस घेवन गेले, तेव्हा ह्याच्या बापाशीन इचारल्यान नाय, सिद्ध झाला काय म्हणान. पयलो चोर बापाशीनच म्हटल्यान. जेलात एकदा पण भेटूक गेलो नाय. त्या बापाशीक माफ कर रे म्हाराजा."

याला 'व्हय' म्हणायला आमच्यापैकी कोणाचीच जीभ उचलेना. दाजी डोळे मिटून तसेच उभे राहिले.

मग वसंतनं चपला खाली ठेवल्या आणि एकट्यानंच म्हटलं, "व्हय म्हाराजा."