आईच्या काठीचं रबर

"तू आवर, तोवर मी गाडीचं जरा बघतो," एवढं एक वाक्य मी गिळलं असतं, तर त्या सकाळी माझं बोट इंजिनात अडकलं नसतं.

बायकोची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. तिसरी. आधीच्या दोन्ही वेळा चढावर थांबून पुन्हा निघताना आमच्या म्हाताऱ्या गाडीनं आचके देऊन मान टाकली होती. ("क्लच हळू सोड" असं मी तिला शंभरदा सांगितलं होतं. माझ्या हातून गाडी बंद पडते तेव्हा मात्र दोष इंजिनाचा असतो. हा साधा फरक तिला कधी कळलाच नाही.) बायको नर्स आहे. लायसन्स मिळालं तर सोमवारपासून घरोघरी जाऊन रुग्ण बघायचं दिवसाचं काम मिळणार होतं. आज नापास झाली तर ती जागा दुसरीला, आणि हिला पुन्हा वॉर्डातली रात्रपाळी. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. आईचा जरा जास्तच, कारण सुनेची रात्रपाळी म्हणजे रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे.

मी बॉनेट उघडलं. गाडी जागेवर उभी असली तरी इंजिन धड एका लयीत चालत नव्हतं. मधेच गुरगुरायचं, मधेच दम लागल्यासारखं खाली यायचं आणि थरथरायचं. मी बायकोचा स्टेथोस्कोप कानाला लावला. (दुसऱ्याची हत्यारं वापरताना माझा आत्मविश्वास नेहमीच वाढतो.)

"काय म्हणतोय पेशंट?" दारात खुर्ची टाकून बसलेल्या आईनं विचारलं.

"कुठून तरी फुकटची हवा आत ओढतोय. सुस्स आवाज येतोय."

"सापडलं ना? मग आता हात लावू नकोस."

मी हात लावला. इंजिनातली वाफ परत आत नेणारी एक रबरी नळी इतकी वाळली होती, की नुसता धक्का लागल्यावर तिचं टोकच गळून पडलं. इंजिन धाडधाड उडायला लागलं. घाबरून मी उघड्या पडलेल्या तोंडात बोट घातलं, आणि इंजिन एकदम शांत. संथ, एका सुरात. लग्नानंतर इतकी शांतता मी प्रथमच ऐकत होतो.

"निदान झालं!" मी ओरडलो.

बायको पर्स घेऊन बाहेर आली. "छान. आता बोट काढा आणि चला."

"निघत नाहीये."

"म्हणजे?"

"इंजिन ओढून धरतंय. आणि काढलं तर ते बंद पडेल."

"मग तू असाच जा," आई म्हणाली. "बॉनेटवर बस. परीक्षा घेणाऱ्यांना सांगू, गाडीचाच भाग आहे."

बायकोनं चावी फिरवली. इंजिन थांबलं, ओढ थांबली, पण बोट सुजून टम्म झालं होतं. बायकोनं साबणाचं पाणी आणलं, माझं मनगट धरलं आणि रुग्णाशी बोलतात त्या गोड आवाजात म्हणाली, "दीर्घ श्वास घ्या." मी घेतला. तिनं बोट ओढलं. माझ्या किंकाळीनं समोरच्या घराच्या दोन खिडक्या उघडल्या.

आता बोट बाहेर होतं, पण भोक उघडं होतं. बायकोनं बॅगेतली चिकटपट्टी लावली, ती तेलावर टिकेना. कापडाचा बोळा आत ओढला जायची भीती. घड्याळ काही आमच्यासाठी थांबणार नव्हतं. बायको पायरीवर बसली आणि तिचे डोळे भरून आले. "जाऊ दे," ती म्हणाली, "माझ्या नशिबात रात्रपाळीच आहे." मला फार वाईट वाटलं.

आईनं काठी जमिनीवर आपटली. "रडू नकोस गं!"

काठीचा आवाज आला नाही. तिच्या टोकाला जाड रबराचं टोपण होतं. बायकोनं त्या टोपणाकडे पाहिलं. मीही पाहिलं. आईनं काठी छातीशी धरली.

"मुळीच नाही. घसरून पडेन मी."

"आई, परत देते. शप्पथ."

आईनं एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. बहुधा तिला माझी कालची खिचडी आठवली असावी. तिनं काठी पुढे केली. टोपण नळीच्या उघड्या तोंडावर गच्च बसलं, जणू तिथलंच होतं.

"पण मीही येणार," आई म्हणाली. "जिथं माझं रबर, तिथं मी."

परीक्षेच्या मैदानात आई आणि मी भिंतीपाशी उभे राहिलो. तिनं एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात माझं सुजलेलं बोट घट्ट धरलं होतं. गाडी चढावर थांबली. शेजारी बसलेल्या साहेबांनी काहीतरी लिहिलं. इंजिनाचा सूर जराही हलला नाही. मग गाडी अलगद वर चढली आणि पलीकडे उतरली.

पास! बायको गाडीतून हसत उतरली आणि आधी आईच्या गळ्यात पडली. मी पुढे होऊन हात पसरला. "चावी आण. ज्यानं रोग शोधला, तोच घरी नेणार."

साहेब बघतायत हे पाहून मी ऐटीत गाडी काढली. फाटकाशी गाडी आचका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. मागून हॉर्न वाजायला लागले. मी उतरलो, बॉनेट उघडलं. टोपण जागच्या जागी होतं. मी परत येऊन बसलो आणि चावी फिरवली. इंजिन संथ, एका सुरात चालू झालं.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "क्लच हळू सोडा."

मी सोडला. गाडी बंद पडली.

मागच्या सीटवरून काठीचं उघडं टोक माझ्या खांद्याला टोचलं. "सूनबाई, तू ये पुढे," आई म्हणाली. "आणि तू इकडे मागे ये, काठी धर. घरी पोचल्यावर मला उतरायला रबर नाही, तूच आधार दे. तेवढं तरी काम तुला जमेल ना?"