परीक्षकाचे रोडगे

प्राध्यापक कमलाकांत देव यांनी वकिलांच्या घरचा चहा नाकारला तेव्हा सकाळच होती. "उमेदवाराच्या घरी काही घ्यायचं नाही, असा आपला नेम आहे," ते म्हणाले. गोपाळकृष्ण वकिलांनी म्हणून पाहिलं, "अहो, नुसता चहाच तर आहे," पण देव सर ढिम्म हलले नाहीत. वकिलांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कप आत गेला, वकिलांच्या मुलाची, बंडूची, मुलाखत झाली आणि सर टांग्यात बसले.

अमरावतीच्या एका कापूसवाल्याच्या नावानं त्याच्या मुलांनी निधी काढला होता. दरसाल एका होतकरू मुलाला किंवा मुलीला नागपुरात कॉलेज शिकवायचं, उन्हाळ्यात नेतृत्वाच्या शिबिराला पाठवायचं आणि पुढे त्यानं आपल्या लोकांना हात द्यायचा, अशी कल्पना. निवड मात्र परीक्षकानं, म्हणजे देव सरांनी, उमेदवाराच्या घरी जाऊन करायची. एकसष्ट साली मूर्तिजापुरातून दोन नावं उरली होती. एक बंडू, ज्याला शिष्यवृत्ती मिळाली नसती तरी वकिलांनी हवं तिथं शिकवलंच असतं. दुसरी जयवंता. तिचा बाप मोतीराम रेल्वेत सांधेवाला होता, रुळांचे सांधे बदलायचा. आणि तिच्या मामानं, श्रावणनं, स्थळ आणून ठेवलं होतं. मोतीरामनं त्याला सांगितलं होतं, "स्कॉलरशिप भेटली तं पोट्टी शिकल. नाई तं मंग पाहू तुह्या स्थळाचं." म्हणजे त्या पोरीचं सगळं त्या एका मुलाखतीवर येऊन थांबलं होतं.

सरांचा टांगा रेल्वेलाइनीमागच्या वस्तीत शिरला. मोतीरामच्या दारात अख्खी वस्ती जमली होती. आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांना ताजे हार. सर खाटेवर टेकले न टेकले तोच जयवंतानं पितळी पेल्यातून पाणी आणलं.

"नको," असं म्हणायला सरांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. कारण दारातली सगळी माणसं त्या पेल्याकडे बघत होती. त्यांना धर्मांतर करून पाचच वर्षं झाली होती. इथं 'नको' म्हटलं तर कोण म्हणेल की हा परीक्षकाचा नेम आहे? सरांनी कॉलेजात असताना सहभोजनावर भाषणं ठोकली होती. घरी वडिलांशी त्यावरून भांडण केलं होतं. त्यांनी पेला घेतला आणि घटाघटा रिकामा केला. दारात समाधानाची कुजबुज झाली.

इथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं हो! पण पाण्यामागून चहा आला. पाणी घेतलं नि चहा नाही, हे कसं दिसेल? चहामागून मोतीरामची बायको पंचफुला म्हणाली, "आता दोन घास खाऊनच जा जी, सायेब. रोडगे लावले हायेत गवऱ्यात."

"मुलाखत आधी उरकू या," सर म्हणाले.

"रोडगे थंडे होतीन. पोट्टी काय, ते हायेच इथं."

पान वाढलं. तुपात बुडवलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी, वर ठेचा. दोन रोडग्यांतच सरांचं पोट भरलं. त्यांनी हात आडवा धरला, तशी पंचफुला कळवळली. "काहून जी? आमच्या हातचं गोड नाई लागलं?"

झालं! हे वाक्य तिनं साध्या मनानं टाकलं होतं. कोणत्याही वऱ्हाडी बाईनं कोणत्याही पाहुण्याला टाकलं असतं. पण सरांच्या काळजात ते कट्यारीसारखं घुसलं. "छे छे, वाढा!" ते ओरडले. आणि तिकडे पंचफुलाला वाटलं, सायेब मोठ्या घरचा, आपण हात आखडला तर म्हणेल यांच्या घरी काही नव्हतंच. ती वाढतच राहिली, सर खातच राहिले. दोघांनाही थांबायचं होतं, पण आधी थांबायचं कोणी?

एवढ्यात शेजारची सुंदराबाई ताट झाकून घेऊन आली. "तिच्या घरचं खाल्लं, आता माह्या घरचं नाई खाल्लं तं मी काय पाप केलं, सायेब?" तिच्या ताटात पुरणपोळ्या होत्या. सरांनी बाबासाहेबांच्या तसबिरीकडे एकदा बघितलं आणि पोळीला हात घातला.

त्यानंतर सरांना कडुलिंबाखाली खाटेवर नेऊन निजवावं लागलं. जयवंता समोर पोतं टाकून बसली. वस्तीतल्या बायांना ती लिहायला शिकवायची, ते कसं सुरू केलं, पुढे काय करायचं, सगळं तिनं मनात मांडून ठेवलं होतं. "विचारतो हं बाळ," सर म्हणाले आणि घोरू लागले. ती वारा घालत बसली. उन्हं कलली तेव्हा सर पोट धरून उठले. गाडीची वेळ झाली होती. त्यांनी जयवंताला एकच प्रश्न विचारला.

"ओवा आहे का गं घरात?"

त्याचं उत्तर तिनं बरोबर दिलं. पण त्याला गुण नव्हते.

अमरावतीला पोचल्यावर सरांचं पोट बरं झालं आणि मन बिघडलं. ज्या घरचं आपण पोटभर जेवलो, त्या घरच्या मुलीला निवडलं तर तो पक्षपात नाही का? आणि मुलाखत तर झालीच नाही. सरळ मनाच्या माणसानं असा विचार करायला सुरुवात केली की त्याला आवरणं कठीण. त्यांनी बंडूचं नाव दिलं. बंडू शिबिराला गेला, पहिल्याच आठवड्यात जेवण आवडलं नाही म्हणून परत आला. मग वकिलांनी त्याला पुण्याला ठेवलं.

मूर्तिजापुरात श्रावणमामा स्थळ घेऊन पुन्हा दारात उभा राहिला. मोतीराम म्हणाला, "येक साल थांब. येकच." आणि पंचफुला वर्षभर स्वतःला कोसत राहिली. "माह्याच हातानं मी पोरीचं वाटोळं केलं. येक रोडगा कमी वाढला असता तं काय झालं असतं वो?" जयवंता मात्र रडत बसली नाही. तिनं वस्तीतल्या बाया गोळा केल्या, नगरपालिकेच्या पायऱ्यांवर हंडे मांडून बसवल्या आणि वस्तीत नळ आणला.

जयवंतानं पुन्हा अर्ज केला आणि पुढच्या जूनमध्ये देव सर पुन्हा आले. त्यांनी वर्षभर पश्चात्ताप केला होता आणि आता मनाशी पक्कं ठरवलं होतं, की या वेळी काहीही नाही. खाटेवर टेकताच पंचफुलानं तोच पितळी पेला पुढे केला. यंदा चूल थंड होती, रोडगे नव्हते, सुंदराबाईलाही घरात कोंडल्यासारखं बसवलं होतं. फक्त पाणी.

"नको," सर म्हणाले.

दारातली माणसं पुन्हा त्या पेल्याकडे बघत होती.

"पानीच हाय, सायेब," मोतीराम हळूच म्हणाला. "आपल्या नळाचं हाय. जयवंतानं आणलेल्या."

"नको, मोतीरामभाऊ. नेम आहे माझा. बस बाळ, सुरू करू या."

शिष्यवृत्ती जयवंतालाच मिळाली, हे सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. ती अशी बोलली की सरांनी तिथंच तिचं नाव पक्कं केलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मामा स्थळ घेऊन परत गेला. पंचफुला आनंदानं रडली. मग तिनं तो भरलेला पेला उचलला, जरा वेळ हातात धरला आणि अंगणातल्या मिरचीच्या रोपाला ओतला. दारातली माणसं एकेक करून निघून गेली.

सर स्टेशनावर आले ते ताठ मानेनं. काही खाल्लं नाही, मुलाखत बुडवली नाही; मागच्या दोन्ही चुका टाळल्या, निवड चोख झाली. पण जूनचं ऊन, त्यात तासभर बोलणं, घशाला नुसती कोरड पडली होती. गाडी उभी होती. ते फलाटाच्या टोकाच्या नळाकडे धावले आणि ओंजळीनं घटाघटा पाणी पिऊ लागले. कोट भिजला, चष्मा भिजला.

मान वर केली तेव्हा समोर सांध्यापाशी मोतीराम उभा होता. ड्यूटीवर आला होता.

सरांच्या तोंडात पाणी होतं, त्यामुळे त्यांना काही बोलता येईना. ते गिळून, हात हलवून, त्यांना सांगायचं होतं की अहो, ते नेमामुळं, तुमच्यामुळं नव्हे! पण तेवढ्यात इंजिनानं शिटी दिली.

"बसा जी, सायेब," मोतीराम म्हणाला. "गाडी सुटते." आणि त्यानं हिरवी झेंडी दाखवली.