पहिला मान आबांचा

हितेंद्रमामाच्या मोबाइलच्या काचेला बारीक तडा होता. वरच्या कोपऱ्यातून निघून तो नेमका कॉलेज-प्रवेशाच्या अर्जातल्या पसंतीक्रमाच्या पहिल्या ओळीवर थांबत होता. बारावी झालेली कामिनी त्या तड्याकडेच बघत होती.

"यंदाचा ट्रेंड मला तोंडपाठ आहे!" मामा गरजला. जळगावात त्याचं मोबाइलचं दुकान, म्हणून यावलच्या या घराचा प्रवेश-सल्लागार तोच. "इंजिनीअरिंगच! कम्प्युटर वर, बाकी सगळं खाली!"

पण कॉलेजं सुचवायला घरदार सरसावलं. आजोबांनी, म्हणजे आबांनी, दोंडाईच्याकडचं सिव्हिल सांगितलं, काकांनी धुळ्याचं मेकॅनिकल, आत्यानं चाळीसगावकडचं काहीतरी. वर कोणाचं घालायचं? कामिनीच्या वडिलांनी, गिरधरनं, लग्नपत्रिकेचा नियम लावला. वयानं मोठा, त्याचं नाव आधी! मामा आईकडचा, म्हणून त्याचं कम्प्युटर पार तळाला, 'आपले नम्र'च्याही खाली.

"दाजी, ही पत्रिका नाही! पहिली पसंती लागली तर पुढच्या फेऱ्या बंद!"

"मग आबांना खाली घालू? रुसले म्हणजे?"

केळीवर करपा रोग का पडतो, हे कामिनीला शिकायचं होतं. "मला ना..." एवढं ती दर वेळी म्हणे, आणि कोणीतरी म्हणे, "हो, चहाच टाक!"

प्रवेशाची पहिली यादी लागण्याआधीच आबा गेले. बसल्या जागी, झोप लागावी तसे.

दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. आबांची काही इच्छा राहिली असेल, म्हणून काकांनी शेताच्या बांधाचा वाद सोडायचं कबूल केलं. कावळा ढिम्म! आत्यानं जुनं भांडण मिटवलं. त्यानं मान फिरवली. तेवढ्यात मामाचा मोबाइल वाजला.

"दाजी... लागलं. दोंडाईचा. सिव्हिल."

गिरधरनं हात जोडले. "आबा, कामिनी तिथंच जाईल!"

कावळा झेपावला. भाताचं ढेकूळ उचलून उडालासुद्धा! सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मागे उभी कामिनी मात्र उडत्या कावळ्याकडे बघत राहिली. कॉलेजची तक्रार निदान कुठंतरी करता येते. कावळ्याची कुठं करणार?

घरी आल्यावर ती आजीजवळ भिंतीला टेकून बसली. धुरपदाबाईंनी नातीचा चेहरा पाहिला. "काय झालं वं माय?"

"अक्का, आबांची शेवटची इच्छा पूर्ण झाली," गिरधरनं आईला परस्पर सांगितलं. "पोरगी दोंडाईच्याला इंजिनीअर होणार!"

"त्याहिले इंजिनेर काय ठाऊक!" धुरपदाबाई म्हणाल्या. "मले म्हने, पोरगी तिकडे राहिली तं येता-जाता मिरची आनीन. दोंडाईच्याची मिरची लय आवडे त्याहिले."

मामानं मोबाइल उलटा ठेवला.

"पण कावळा शिवला ना!" गिरधर पुटपुटला. "पोरी, चहा टाक जरा."

कामिनी उठली नाही.

"बाबा, मिरच्या मी एसटीनं जाऊन आणीन," ती म्हणाली. "पण शिकणार जळगावात. बी.एस्सी. वनस्पतीशास्त्र."