ग्वांगझूची स्वारी आणि शंकर नगरचा तह

आज्ञा जाहली की, रायपूर मुक्कामीचे शंकर नगरनिवासी देवदत्तराव मेश्राम यांनी चीन देशावर जी एकांडी स्वारी केली, तीत काय घडले, कोण लढले आणि फत्ते कोणाची जाली, ते साद्यंत लिहोन ठेवावे. त्याजवरून हे लिहिले. पदरचे खोटे एक अक्षर घातले नाही. जेथे खोटे आढळेल तेथे ते खुद्द देवदत्तराव हुजुरांचे बोलणे आहे, जसेच्या तसे उतरिले आहे.

देवदत्तराव म्हणजे शहराबाहेरील एका लोखंडाच्या कारखान्यात यंत्रांवरील वरिष्ठ अंमलदार. शब्द मोठा, कान लहान. कारखान्यास नवे यंत्र घ्यावयाचे ठरले आणि ते डोळ्यांनी पाहून यावे म्हणोन ग्वांगझू नामे अफाट शहरी जाण्याचा हुकूम त्यांचे नावे सुटला. मग काय विचारता, तेलीबांध्याच्या तळ्याकाठी फिरावयास येणारांत असा एक आदमी उरला नाही, ज्यास हे वर्तमान दोनदा ऐकावे लागले नाही.

त्यांचे कुटुंब ज्योतीबाई, शाळेत भूगोल शिकवीत. पोरांस यांगत्सी नदी नकाशावर दाखविता दाखविता बोट झिजले, परंतु नदी पाहिली नव्हती. शाळेस सुटी होती, सबब त्यांनी अर्ज केला की, माझे तिकीट मी काढीन, मलाही न्यावे. हुजुरांनी फर्माविले, "तुले तिथं काय समजन?" आणि अर्ज दप्तरी पडला.

परंतु ज्योतीबाई रोज सांजेस तव्यावर भाकरी फुगत असता, जे पहिल्यानेच चीनला जाऊन आले त्यांची बोलणी मोबाइलवर ऐकत राहिल्या, जणू आपलेच जाणे आहे. आणि जे सार निघाले ते हुजुरांपुढे मांडिले. की, तेथे अवघा व्यवहार मोबाइलच्या ॲपवर चालतो, लहान दुकानदार परदेशी कार्ड हाती धरीत नाहीत, तरी ते ॲप घरीच उतरवावे आणि आपले कार्ड त्यास इथेच जोडून घ्यावे. आणि आपले नेहमीचे नकाशे व व्हॉट्सॲप तेथे चालत नाहीत, त्याची अगाऊ तजवीज करावी. आणि हॉटेलाचा पत्ता चिनी लिपीत खिशात असावा. आणि पासपोर्ट अंगावेगळा करू नये. आणि शौचालयात कागद असेलच ऐसे नाही, तोही जवळ बाळगावा. आणि काही केल्या इथले सिम काढू नये, कारण बँकेचा निरोप त्यावरच येतो.

हुजूर हसले. एवढाली यंत्रे हाकणारास मास्तरीण ॲप शिकविते, ऐसे शेजारच्या श्यामरावांस ओसरीवरून ऐकविले. हे श्यामराव रेल्वेतून निवृत्त, परदेश म्हणून एकवार नेपाळ पाहिलेले. त्यांनी मसलत दिली की, बाहेरदेशी इथले सिम चालविले तर ऐसे बिल येते की घर विकावे लागते. ही मसलत मात्र हुजुरांस तात्काळ पटली. मग सिम काढोन जुन्या मोबाइलात घातले आणि तो फ्रीजवर ठेवविला. ज्योतीबाईंनी भरलेला चिवड्याचा डबा, साहेब माणसास शोभत नाही म्हणोन, बॅगेतून बाहेर काढिला. आणि डॉलरांची थप्पी छातीशी धरोन रायपूरच्या माना नामक विमानतळावरून कूच केले.

शनिवारी ग्वांगझूस पोहोचले. विमानतळावर कार्ड घासून तिथले सिम घेतले, हाच काय तो स्वारीतला पहिला आणि शेवटचा शहाणपणा. मग यंत्रवाल्यांची गाडी हॉटेलाशी सोडून गेली, की सोमवारी सकाळी न्यावयास येऊ. हॉटेलात खाण्याची सोय नाही. खाली गल्लीत नूडल्सची दुकाने, कढयांतून वाफा, आले-लसणाचा घमघमाट. हुजुरांनी पहिल्या दुकानावर चाल केली. नूडल्सवालीने डॉलर उलटा-सुलटा पाहिला, गोड हसली आणि परत दिला. मग कार्ड दिले, तेही परत आले. तिने भिंतीवर चिकटविलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकटीकडे बोट केले. दुसरे दुकान, तीच गत. तिसरे, तीच. हुजूर हिंदीत ओरडले, मग त्याहून मोठ्याने हिंदीत ओरडले. गल्लीतली माणसे जेवीत राहिली. हॉटेलवाल्यांनी डॉलर मोडून देण्यास साफ ना म्हटले. बँक सोमवारी.

तेव्हा रसद तुटलेल्या फौजेगत खोलीत येऊन हुजुरांनी, ज्याची थट्टा केली होती, तेच ॲप उतरविले आणि कार्ड जोडू लागले. ॲपने परवलीचा आकडा मागितला, ज्यास हल्ली ओटीपी म्हणतात. तो आकडा बँकेने बिनचूक धाडिला. तो रायपुरास, शंकर नगरात, फ्रीजवर जाऊन पोहोचला.

इकडे उन्हे कलती जाली होती. ज्योतीबाई आणि हुजुरांच्या मातोश्री भीमाबाई चहा घेत बसल्या होत्या, तो ज्योतीबाईंच्या मोबाइलवर परमुलखाचा अनोळखी नंबर वाजला.

"ज्योती, त्या जुन्या फोनवर ओटीपी आला असन. लवकर सांग."

आता येथे एक गोष्ट लिहिणे जरूर. देवदत्तरावांचा घरात सक्त हुकूम होता, जेवताना दर दोन दिवशी नव्याने सुटत असे, की ओटीपी कोणासही सांगू नये. खुद्द आपण मागितला तरी सांगू नये, कारण हल्ली यंत्रे माणसाचा हुबेहूब आवाज काढितात आणि बायकांस ते कळत नाही. ज्योतीबाईंनी तो हुकूम शिरी धरिला.

"कोण बोलून राहिले?"

"अवं, मी देवदत्त."

"तसंच म्हणतेत सारे."

त्यांनी आवाज ओळखला होता की नाही, हे त्यांचे त्यांस ठाऊक. पुसण्याचा धीर बखरकारास जाला नाही. भीमाबाई म्हणाल्या, पोट्ट्याचाच आवाज दिसते. त्यावर ज्योतीबाईंनी अदबीने सांगितले की, आई, आवाज मशीनही काढते, तेच सांगत होते. मग हुजुरांनी आधारचे आकडे म्हटले, जन्मतारीख म्हटली, खाते म्हटले, शिव्याही म्हटल्या. ज्योतीबाई म्हणाल्या, इतके चोराजवळ असतेच. येवढ्यात पहिला ओटीपी शिळा होऊन मेला. दुसरा आला.

"आपल्या घरी मीठ कुठं ठेवते मी?"

खालच्या गल्लीतल्या कढईवरचा झारा तेवढा रायपुरात ऐकू आला.

"मीठ... ओट्यावर असन. नाही तं फ्रीजमधी."

भीमाबाईंनी कप खाली ठेविला. "सांगून दे वं. आपलाच हाय."

निवाडा बरोबर जाला. चोर असता तर घराची काही माहिती काढून आला असता. ज्या घरचे मीठ जन्मभर खाल्ले त्या घरी ते कोठे असते याचा इतका पत्ता नसणे, हे परक्यास साधणार नाही. तरी ज्योतीबाईंनी आकडा धरून ठेविला. दुसराही मेला. तिसरा आला. मग फोनातून जो आवाज आला त्यात हुद्दा नव्हता, कारखाना नव्हता. जत्रेत आईचे बोट सुटलेल्या लेकराचा असतो तैसा होता.

"ज्योती, लय भूक लागली वं. काय करू, काहीच समजून नाही राहिलं."

तेव्हा ज्योतीबाईंनी आकडे एकेक करून, थांबत थांबत सांगितले आणि कार्ड जोडले गेले. मग फोन न तोडता हुजुरांस खाली उतरविले. भिंतीवरच्या पाटीचा फोटो काढा म्हणाल्या, काढिला. भाषांतर वाचा म्हणाल्या, वाचिले. अंड्याच्या नूडल्सवर बोट ठेवा, ठेविले. आता त्या चौकटीवर फोन धरा, धरिला. गरम पाणी मागा, बहुतेक फुकट देतेत, हेही सांगितले. लढाई ग्वांगझूत, सेनापती शंकर नगरात चहाच्या कपापाशी. टिंग वाजले, पैसे पावले. वाडगा आला.

मग तह जाला. कलम एकच. पुढल्या स्वारीत ज्योतीबाई पुढे चालतील आणि हुजूर मागून बॅगा ओढीत येतील. हुजुरांस बोलावयास तोंड मोकळे नव्हते, नूडल्सने भरले होते. त्यातून त्यांनी "हव" म्हणोन होकार दिला. ते भीमाबाईंनी स्पष्ट ऐकिले.

येणेप्रमाणे शनिवारी सांजवेळी ग्वांगझू सर जाले. हुजूर परतल्यावर या स्वारीची हकीकत आपण सांगतीलच. तीत नूडल्सवाली त्यांस पाहताच अदबीने उठून उभी राहील, हुजूर तिच्याशी दोन वाक्ये चिनीतही बोलतील, आणि हा फोन त्यात असणार नाही. म्हणोन येथे लिहोन ठेविला. फत्ते ज्योतीबाईंचे नावे मांडिली आहे. खाडाखोड नाही.