भाडेकरूंसकट

स्वतःच्याच फाटकाशी उभं राहून "येऊ का?" असं विचारणारा घरमालक सबंध सक्करदऱ्यात एकच. आमचे शेजारी शालिकराव.

कळमेश्वरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या बाजूचं दुमजली घर घेतलं. वर बँकेतलं जोडपं, खाली एक मास्तर, दोघेही जुने भाडेकरू. दलाल म्हणाला, "काका, घर खाली करून देतो ना!" शालिकराव भडकले. "काहून? मी त्याइच्यासकट घेऊन राहिलो!" रजिस्ट्रीच्या संध्याकाळीच माझ्या बायकोला पुढं घालून त्यांनी दोन्ही घरच्या बायकांची खणानारळानं ओटी भरवली आणि जाहीर केलं, "जुन्या मालकाचा करार तो माया करार. त्याचा शब्द तो माया शब्द."

हा शब्द त्यांना चांगलाच भोवला. जुन्या मालकानं गच्ची वरच्या वहिनींना कुरडयांसाठी दिलेली, अंगण मास्तरांच्या शिकवणीला. कागदावर यातलं एक अक्षर नाही, तरी शालिकरावांनी सगळं पाळलं. मालकाच्या वाट्याला उरलं गॅरेज. तिथे स्कूटर, कुलर आणि शालिकराव असे तिघे नांदतात. पण ऐट जहागीरदाराची!

"मायाकडं वरती बँकवाले, खाली मास्तर. तुमच्याकडं कोण आहे?" ते मला विचारतात. माझ्याकडे मेहुणा आहे, पण तो मिरवण्याजोगा नाही.

गेल्या महिन्यात वरच्यांचा करार संपत आला. मी गॅरेजात चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात वहिनी आल्या. "काका, तुमी इथं राहता, आमाले लाज वाटते. आमी दुसरीकडं घर पाहतो. तुमी वर राहायले या."

शालिकरावांचा चेहरा खर्रकन उतरला. "मायं काई चुकलं का वं? पाणी कमी पडून राहिलं का?"

"नाई हो! तुमचं घर तुमाले रिकामं करून देतो, एवढंच."

"रिकामं घर त होतंच ना मायाजवळ," ते हळूच म्हणाले. "कळमेश्वरले. तुई काकू गेली, अन् घरात कुकरची शिट्टी वाजेना. म्हणून त ते विकलं पोरी, अन् हे भरलेलं घेतलं."

"मंग करार वाढवा," वहिनी म्हणाल्या. "पण रोज जेवायले वर यायचं, हे त्याच्यात लिहा." आणि भरभर जिना चढून गेल्या.

थोड्या वेळानं वरून कुकरची शिट्टी झाली. शालिकरावांनी शर्टाची बटणं लावली, मान ताठ केली.

"आयकलं का?" ते मला म्हणाले. "मायं घर आहे."